अंगठा न रुतणारी कणीक

कदम सर गेल्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी सकाळी, हिंगोलीतल्या शिक्षक कॉलनीतल्या राहत्या घरी वारले. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेण्याआधीच सगळं संपलं. आदल्या दिवशी त्यांनी भाजलेला गव्हाचा ब्रेड ओट्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्यातला अर्धा खाल्लेला होता. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते पुढे येईल.

पुंडलिकराव कदम जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये विज्ञान आणि गणित शिकवत. डोंगरकडा, शिरड शहापूर, पुसेगाव अशा बदल्या घेत ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पुसेगावात मी त्यांच्या वर्गात होतो. पुढे बातमीदारीसाठी हिंगोलीत आलो तेव्हा भाड्याची खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या घरासमोर. त्यामुळे इथे दिलेल्या बऱ्याच गोष्टी मी पाहिलेल्या आहेत. ज्या पाहिलेल्या नाहीत, तिथे सांगणाऱ्याचं नाव दिलं आहे.

सरांची ओळख म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. विकत घ्यायच्या, तपासायच्या आणि नापास करायच्या प्रत्येक वस्तूवर तो टेकत असे. टरबूज, गादी, नव्या भिंतीचा गिलावा, विद्यार्थ्यांनी केलेलं चिकणमातीचं हृदय. अंगठा रुतला की वस्तू नापास. "शास्त्रात दया नसते," असं म्हणून ते अंगठा धोतराला पुसत. धोतर सुटून पँट आली तरी वाक्य आणि पुसणं तसंच राहिलं.

हा अंगठा त्यांना आईकडून मिळाला होता. सरांच्या आई रोज पोळ्यांच्या आधी सुनेने मळलेल्या कणकेत अंगठा दाबून बघत. रुतला नाही तर सून पास. रुतला तर त्या काही बोलत नसत, फक्त परात उचलून अंगणात आणून ठेवत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सैल कणीक दिसावी. सरांच्या पत्नी विमलकाकूंची परात लग्नानंतर पहिल्या महिन्यात एकदा अंगणात गेली, पुन्हा कधी गेली नाही. त्यांची कणीक इतकी घट्ट होत गेली की लाटताना पोळपाट सरकायचा. सासूबाई वारल्यावर तपासणीचं काम सरांकडे आलं. ते त्यांनी एकही खाडा न करता केलं.

सरांची सकाळ मात्र घरात जात नसे. कॉलनीच्या तोंडाशी हमीदभाईंची बेकरी आहे. बाहेर एक लाकडी बाकडं, शेजारी चहाची टपरी. निवृत्तीनंतर, आणि सुट्ट्यांमध्ये निवृत्तीच्या आधीही, सर उजाडताच त्या बाकड्यावर बसत. हातात चहाचा ग्लास आणि भट्टीतून नुकताच निघालेला पाव. तिथेही परीक्षा होतीच. "पाव चहात बुडवून तोंडापर्यंत आला पाहिजे," सर सांगत. "वाटेत तुटला तर बेकरीवाला नापास. चहातच विरघळला तर बेकरीवाला आणि चहावाला दोघंही नापास." हमीदभाई भट्टीपाशी उभं राहून निकालाची वाट बघत. पाव तोंडापर्यंत पोचला की सर मान हलवत आणि हमीदभाई ओरडत, "पास! चला, आता दुकान उघडलं म्हणा."

मग डॉक्टरांनी सरांना रक्तात साखर असल्याचं सांगितलं आणि मैदा बंद केला.

स्वतःला बंद झालेली गोष्ट इतरांनाही बंद करायची, हा सरांचा जुना शिरस्ता होता. पुसेगावात त्यांचे गुडघे दुखू लागले त्या वर्षी शाळेतली खो-खोची स्पर्धा बंद झाली. उन्हाने डोकं दुखायचं, तर प्रार्थना पटांगणातून वर्गात गेली. मैद्याच्या बाबतीतही तेच झालं. डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या बाकड्यावर बसले आणि पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला थांबवू लागले.

"काय घेऊन राहिलीस बाई? लेकराला खळ चारतीस? भिंतीला कागद चिकटवायची वस्तू आहे ती."

"सर, तुमी तर परवापर्यंत हेच खात होते," ती बाई म्हणाली.

"म्हणूनच सांगून राहिलो. माझ्याकडे पुरावा आहे."

हमीदभाईंनी दोन-तीन दिवस ऐकून घेतलं. मग ते हात पुसत बाहेर आले. हे मी पाहिलं आहे. मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला होतो.

"सर, आधी तर रोज पास करत होते. तवा मैदा मीठा होता. आता डाक्टरनं सांगितलं तर लगेच जहर?"

"डॉक्टरनं नाही सांगितलं. शास्त्र आहे."

"मंग शास्त्राला म्हणा, पाव करून दाखव. नुस्त्या गव्हाच्या आट्याचा, चिमूटभर मैदा न्हाई. हितं, या बाकड्यावर, चहात बुडवून तोंडापर्यंत आणा. बराबर आणला तर भट्टी बंद करतो मी."

"आणि नाही आला तर?"

"तर हितं बसून गप चहा प्यायचा. गिराइकाला तकलीफ द्यायची न्हाई."

सर उठले. "करून आणल्याशिवाय या पायरीवर पाय ठेवणार नाही," असं ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, त्यामुळे मागे घेण्याची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते बेकरी टाळून मागच्या गल्लीने फिरायला जाऊ लागले. फिरून लवकर परतत, कारण कुठे बसायचं हा प्रश्न होता. घरात बसून ते विमलकाकूंना भाजी कशी चिरायची ते सांगू लागले. काकू आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "त्या बाकड्यामुळं माझा संसार चालला होता रे. आता सकाळपासून माझंच डोकं खाऊन राहिले. होऊ दे बाबा तो ब्रेड एकदाचा."

छोटा विजेचा ओव्हन आला, यीस्टची पाकिटं आली. यीस्ट हा सजीव आहे हे सरांनी आयुष्यभर शिकवलं होतं. प्रत्यक्ष भेट आता झाली. कृती त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. ती मैद्याची होती. सरांनी ती फळ्यावरच्या गणितासारखी सोडवली. "मैदा काढायचा, त्याच्या जागी आटा ठेवायचा. माप तेच, बाकी सगळं तेच. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या." आटा तेवढंच पाणी घेईल का, असा प्रश्न समीकरणात नव्हता. सांगितलेलं पाणीही पूर्ण पडत नसे. थोडं पाणी उरलेलं असतानाच कणकेत अंगठा रुतेल की काय अशी शंका येई आणि सर तांब्या बाजूला ठेवत. मळायला काकू. त्यांचे हात तर सासूबाईंच्या काळापासून तयार झालेले होते.

पहिला ब्रेड मी पाहिला. ओव्हनमध्ये गेला त्या उंचीचाच तो बाहेर आला. सुरी वरच्या थरात अडकली, ती ओढून काढायला सर आणि काकू दोघं लागले. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सरांनी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "चावू नकोस. नुसता तोंडात धर, विरघळेल."

तो विरघळला नाही.

त्यानंतरचे बरेचसे ब्रेड याच घराण्यातले निघाले. एक वाऱ्याने आपटणारं फाटक अडवायला लागला आणि तिथे उत्तम टिकला. काकूंनी काही वरणात भिजवून दारात येणाऱ्या गायीपुढे ठेवले. गायीने वरण चाटलं. सरांनी 'फसला' हा शब्द एकदाही वापरला नाही. ते 'निरीक्षण' म्हणत, आणि प्रत्येक निरीक्षणात दोष दुसऱ्याचा निघे. विजेचा दाब कमी होता. गिरणीवाल्याने आधीच्या ज्वारीचं पीठ न झाडता गहू टाकला होता. शेवटी काकूंचे हात थंड असल्याचं निरीक्षण आलं.

"एवढी वर्षं याच हाताच्या पोळ्या खाल्ल्या," काकू म्हणाल्या, "तवा काहून नव्हते थंड?"

बातमी बेकरीपर्यंत पोचत होतीच. हमीदभाईंनी माझ्याकडे निरोप दिला, "सरांना म्हणावं, आमच्या मागची भिंत पडली हाय. जमल्या तर थोड्या विटा पाठवा." मी निरोप पोचवला. सर म्हणाले, "त्याला म्हणावं, सिद्ध होईपर्यंत हसून घे." मग त्यांनी विचारलं, "बाकड्यावर कोण बसतं रे आता?"

कुणी बसत नव्हतं. तसं सांगितलं.

पुढचा तपशील विमलकाकूंचा आहे. तो त्यांनी बऱ्याच काळाने सांगितला आणि त्याला एकच दुसरा साक्षीदार आहे, तोही अर्धवट. थंडीचे दिवस होते. परातीत आटा, मीठ, गूळ आणि फुललेलं यीस्ट एकत्र करून झालं होतं. तेवढ्यात गल्लीत ओरड झाली, "नळ आले!" हिंगोलीत नळ आले म्हटल्यावर हातातलं सगळं टाकून पळावं लागतं; पुन्हा कधी येतील याची खात्री नसते. काकूंनी नळाला पाइप लावला आणि सर तो पिंपापर्यंत ओढू लागले. पाण्याला जोर होता. पाइप सरांच्या हातातून सुटला, ओट्यावर नाचला आणि परातीत शिरून थांबला.

पाइप बाहेर काढेपर्यंत कणकेची कणीक राहिली नव्हती. काकूंनी वरचं पाणी निथळून टाकलं आणि हात घालून बघितलं. गोळा हाताला चिकटत होता. अंगठा सोडा, सबंध मूठ रुतत होती. वर टाकायला आटा नव्हता, दळून आणलेला तेवढाच होता. वीज गेलेली, त्यामुळे गिरणी बंद. आणि याच वेळी फाटक वाजलं. शिरड शहापूरहून सरांची थोरली बहीण, रखमाआक्का, वांग्यांची पिशवी घेऊन आली होती.

रखमाआक्कांना आईचा तोच अंगठा मिळालेला होता. कुणाच्याही घरी गेल्या की त्या आधी स्वयंपाकघरात जात आणि परात बघत.

"झाक! झाक ते!" सर म्हणाले. काकूंच्या आठवणीत एवढ्या वर्षांत सरांचा आवाज तसा कधी निघाला नव्हता. काकूंनी तो चिकट गोळा पिठाच्या रिकाम्या डब्यात ओतला, सरांनी झाकण लावलं आणि डबा आतल्या खोलीत नेऊन पलंगाखाली, गोधड्यांच्या ढिगात दडवला. आक्का आत आल्या तेव्हा परात धुऊन पालथी घातलेली होती.

"बरं नीटनेटकं ठेवलंय गं," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पालथ्या परातीवरही अंगठा दाबून बघितला.

जेवणं झाली. आक्कांना दुपारी पडायची सवय. त्या नेमक्या त्याच पलंगावर पडल्या. सर दारात खुर्ची टाकून बसले. पलंगाखाली, गोधड्यांच्या उबेत, डब्यातला गोळा आपल्या मार्गाने वाढत होता. उन्हं कलली तेव्हा त्याने झाकण उचललं आणि ते फरशीवर खणकन पडलं.

आक्का दचकून उठल्या. "पुंडलिका, मांजर हाय का रे खाली?"

"व्हय," सर म्हणाले. "मांजर."

कदम सरांच्या घरी मांजर नव्हतं. आयुष्यभर 'सिद्ध करून दाखव' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून निघालेलं, माहितीत असलेलं, हे पहिलं खोटं.

आक्का संध्याकाळच्या गाडीने गेल्या. वीज आली होती. सर डबा न्यायला निघाले ते गायीपुढे रिकामा करण्यासाठी. काकूंनी अडवलं. "एवढं फुगलंय तर भाजून तरी बघा. गाय बी खायची न्हाई तसं." केकच्या भांड्यात ओतून भाजलं. तो ब्रेड भांड्याच्या वर आला. त्या संध्याकाळी मला पुन्हा बोलावणं आलं, आणि या वेळी सरांनी काहीच सूचना केली नाही. मी तुकडा चावला. तो मऊ होता, जाळीदार होता आणि गव्हाच्या ताज्या पोळीचा वास त्याला येत होता. काकू पदराआड हसत होत्या. कशाला हसत होत्या ते तेव्हा कळलं नाही.

सकाळी सर इस्त्रीचा सदरा घालून, ब्रेड पांढऱ्या रुमालात धरून, समोरच्या रस्त्याने बेकरीवर गेले. बाकड्यावर बसले. चहा मागवला. पाव घ्यायला आलेल्या बायका, टपरीवरचे लोक, सगळे भोवती गोळा झाले. सरांनी ब्रेडचा काप चहात बुडवला, बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा हवेत धरून तोंडापर्यंत आणला. वाटेत तो तुटला नाही.

हमीदभाईंनी उरलेला ब्रेड उचलला, दाबला, सोडला. तो पुन्हा वर आला. त्यांनी वास घेतला. "हरलो, सर," ते म्हणाले. "बराबर आणला. पर एक सांगा. पाणी किती? कणीक सैल ठेवली काय?"

गर्दीत कॉलनीतल्या निम्म्या बायका होत्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग अंगठ्याकडे.

"सैल? कदमांच्या घरात?" ते म्हणाले. "घट्ट. अंगठा रुतता कामा नये अशी घट्ट. सगळं मळण्यात आहे."

भट्टी बंद करायला निघालेल्या हमीदभाईंना सरांनी भर लोकांत माफ केलं. "भट्टी चालू ठेव. पण आट्याचा कर. मी शिकवतो." बाकडं परत मिळालं. विमलकाकूंना सकाळ परत मिळाली.

यानंतर हिंगोलीत घट्ट कणकेच्या ब्रेडची लाट आली. सर रोज घरचा ब्रेड रुमालात बांधून आणत, तो हमीदभाईंच्या बाकड्यावर बसून खात आणि हमीदभाईंना शिकवत. हमीदभाई शब्दाबरहुकूम मळत. भट्टीतून जे बाहेर यायचं त्याला गिऱ्हाईक विचारी, "हमीदभाई, हे खायचं का बांधकामाला?" सर त्यावर अंगठा दाबत, अंगठा रुतत नसे, आणि तरी ते नापास करत. "मळण्यात कमी पडतोस." ज्येष्ठ नागरिक संघाने सरांचं प्रात्यक्षिक ठेवलं. तिथे त्यांनी सगळ्यांसमोर दगडासारखा गोळा मळून दाखवला, ओव्हनमध्ये ठेवला आणि भाजून होईपर्यंत घरून आणलेला ब्रेड सगळ्यांना वाटला. ओव्हनमधला तिथेच राहिला. संघाच्या चिटणिसांनी तो नंतर बाहेर काढला, पण त्याबद्दल बोलणं त्यांना अवघड वाटलं. आमच्या दैनिकाच्या पुरवणीत सरांची कृती छापून आली, अंगठ्याच्या वाक्यासह. बऱ्याच घरांतून फोन आले. प्रत्येकीला सरांचं उत्तर एकच, "मळण्यात कमी पडता." दुरुस्ती छापली गेली नाही. काय दुरुस्त करायचं हे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं.

सर ब्रेड करताना स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेत. कॉलनीत समज होता की ते मळताना मौन पाळतात. काही जणी तेही करू लागल्या.

काकूंना हमीदभाईंचं वाईट वाटे. "सांगून टाका ना त्याला," त्या म्हणत. "मोठा आहे तो मनानं. पोत्यानं आटा वाया घालवून राहिला बिचारा. तुमच्यावर इस्वास ठेवून."

"आणि उद्या आक्काच्या कानावर गेलं? आईला काय तोंड दाखवू मी?"

आई वारून कित्येक वर्षं झाली होती. काकूंनी हे दाखवून दिलं. सर म्हणाले, "म्हणूनच. आता समजावून सांगायचीही सोय नाही."

एकदा मात्र ते अगदी जवळ आले होते. मी बाकड्यावर होतो. हमीदभाईंनी ताजी मळलेली कणीक परातीसकट बाहेर आणली आणि थकल्या आवाजात म्हणाले, "सर, आज तुमीच हात लावून सांगा. माझ्या बापानं शिकवलेलं सगळं इसरलो मी तुमच्यापायी. लोक हसून राहिले." सरांनी अंगठा दाबला. तो रुतला नाही. ते बराच वेळ त्या गोळ्याकडे बघत राहिले.

"जरा..." ते म्हणाले.

"जरा काय, सर?"

सरांनी आजूबाजूला बघितलं. पाव घ्यायला दोन बायका उभ्या होत्या.

"जरा मीठ कमी टाक."

हमीदभाईंनी मीठ कमी टाकलं. त्या खेपेचा ब्रेड अळणीही झाला. सरांची साखर, जाता जाता नोंदवायला हवं, ब्रेडमुळे उतरली नाही. त्यात गूळ असे, आणि ते तो मैद्याचा नाही म्हणून दुप्पट खात.

शुक्रवारी सर गेले. दुपारी अंत्यविधी झाला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणून देतात. संध्याकाळी हमीदभाई चहाची किटली आणि पावांची लादी घेऊन आले. मैद्याचा पाव सरांच्या घरात कित्येक महिन्यांनी आला. माणसं उपाशी होती, त्यांनी खाल्ला.

काकू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी रखमाआक्का. हमीदभाई किटली ठेवायला दारापर्यंत आले आणि त्यांना ओट्यावरचं फडकं दिसलं. मी त्यांच्या मागे पाण्याची घागर घेऊन उभा होतो.

"भाभी, हात लावू?"

काकूंनी मान हलवली. हमीदभाईंनी फडकं सोडलं आणि अर्ध्या ब्रेडवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. काढला तशी जागा भरून आली. ते तिथेच उंबऱ्यावर बसले.

"ये टाइम नहीं है, मालूम है मुझे," ते म्हणाले. "पर आता सरांना विचारता येणार न्हाई. भाभी, माझं काय चुकून राहिलं? एवढं घट्ट मळून राहिलो. तेवढंच सांगा."

काकूंनी आक्कांकडे बघितलं. आक्का खाली बघत होत्या.

"तुमचं काही न्हाई चुकलं, हमीदभाई," काकू म्हणाल्या. "कणीक सैल असायची. हाताला चिकटंल एवढी सैल. पहिल्या दिवसापासून. दार लावून घ्यायचे ते त्याच्यासाठी."

बाहेरच्या खोलीत माणसं हलक्या आवाजात बोलत होती. मग आक्कांनी मान वर केली.

"तवा ते मांजर," त्या म्हणाल्या. "पलंगाखालचं."

"मांजर न्हवतं ते, आक्का," काकू म्हणाल्या.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे मी उभा होतो तिथून निश्चित सांगता आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. हमीदभाईंनी ब्रेड त्यांच्या हातात दिला. आक्कांनी त्यावर आईचा अंगठा दाबला, तो रुतला, आणि त्यांनी ब्रेड नापास न करता परत दिला.

उरलेला अर्धा हमीदभाईंनी उंबऱ्यावर बसून किटलीतल्या चहात बुडवून खाल्ला. तुकडे तोंडापर्यंत पोचले.

दहाव्यानंतरच्या आठवड्यात हमीदभाईंच्या बेकरीत गव्हाचा ब्रेड विकायला आला. तो मऊ असतो, त्यात मैदा नसतो, आणि दुपारच्या आत संपतो. गिऱ्हाईक त्याला 'कदम सरांचा ब्रेड' म्हणतात. विमलकाकूंकडे तो रोज सकाळी पोचतो. कणीक मळायच्या वेळी बेकरीचं मागचं दार लावलेलं असतं.

घरी करून बघणाऱ्या बायका अजून विचारायला येतात. गेल्या सोमवारी एक आली तेव्हा मी बाकड्यावर होतो. "हमीदभाई, कणीक कशी ठेवायची?" तिने विचारलं.

हमीदभाईंनी हात पुसले.

"घट्ट," ते म्हणाले. "अंगठा रुतता कामा न्हाई. सगळं मळण्यात हाय."